विज्ञानासाठी सरकारदरबारी पाठपुरावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संशोधक विद्यार्थी, महाविद्यालयीन प्राध्यापक आणि राष्ट्रीय प्रयोगशाळांतील वैज्ञानिक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांचे हे संकलन आहे. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत आणि शक्य तिथे विचारणाऱ्यांचेच शब्द ठेवले आहेत. एका उत्तराचा धागा बरेचदा दुसऱ्या उत्तरात सापडतो, म्हणून प्रश्नांना क्रमांक दिले आहेत.

१. शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळा सोडून सरकारी कार्यालयांचे उंबरठे का झिजवावेत? हे काम संस्थेच्या संचालकांचे नाही का?

संचालकांचे आहेच. पण संचालकांची नेमणूक सरकारच करते आणि त्यांची मागणी एका संस्थेची गरज म्हणून वाचली जाते. विद्यापीठातील एकटा प्राध्यापक, पीएचडीचा विद्यार्थी किंवा अनेक संस्थांत विखुरलेली एखादी विद्याशाखा यांची बाजू त्या फायलीत येतेच असे नाही. शिवाय आपल्याकडे संशोधनाचा मुख्य आश्रयदाता सरकारच आहे. २०२०-२१ च्या अधिकृत आकडेवारीनुसार संशोधन आणि विकासावरील खर्चात खासगी उद्योगांचा वाटा ३६.४ टक्के, केंद्र सरकारचा ४३.७ टक्के आणि राज्य सरकारांचा अवघा ६.७ टक्के होता. मूलभूत संशोधनापुरते बोलायचे, तर उद्योगांकडून फारशी अपेक्षा ठेवता येत नाही. ज्याच्या तिजोरीवर काम चालते, त्याच्याशी बोलणे हा कामाचाच भाग आहे.

२. आपल्याकडे ही प्रथा नवीन आहे का?

मुळीच नाही. १२ मार्च १९४४ रोजी होमी भाभा यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला लिहिलेले पत्र आजही नमुना म्हणून वाचावे असे आहे. अणुऊर्जेचा वापर वीजनिर्मितीसाठी यशस्वी होईल तेव्हा, म्हणजे साधारण दोन दशकांनी, भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागू नये, असा त्यातील युक्तिवाद होता. मागणी मूलभूत भौतिकशास्त्राच्या संस्थेची होती, पण ती देशाच्या पुढच्या वीस वर्षांच्या गरजेला जोडलेली होती. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली आणि १९४८ मध्ये भाभा अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले.

खगोलभौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा यांनी दुसरी वाट धरली. ते १९५२ च्या पहिल्या लोकसभेत कोलकात्यातून अपक्ष म्हणून निवडून आले आणि भाभांच्या धोरणावर सभागृहात जाहीर टीका करत राहिले. एकाने सत्तेच्या विश्वासात राहून काम केले, दुसऱ्याने प्रश्न विचारून. ४ मार्च १९५८ च्या विज्ञानधोरण ठरावामागे या दोन्ही प्रकारच्या दबावांचा वाटा होता, असे आम्हांला वाटते.

३. सरकार म्हणते संशोधनावरचा खर्च दुप्पट झाला. शास्त्रज्ञ म्हणतात तो घटला. खरे कोण बोलते?

दोघेही. २०१०-११ मध्ये देशाचा संशोधन आणि विकासावरील एकूण खर्च सुमारे ६०,१९७ कोटी रुपये होता, तो २०२०-२१ मध्ये सुमारे १,२७,३८१ कोटी रुपये झाला. रुपयांत मोजले तर दुपटीहून अधिक. याच काळात सकल देशांतर्गत उत्पादनाशी असलेले त्याचे प्रमाण मात्र उतरत ०.६४ टक्क्यांवर आले. दक्षिण कोरियाचे हे प्रमाण चार टक्क्यांच्या वर, इस्रायलचे पाच टक्क्यांच्या वर आणि चीनचे दोन टक्क्यांच्या वर आहे.

निवेदनात यांपैकी कोणता आकडा वापरता ते स्पष्ट लिहा. ‘विज्ञानाचा निधी कमी केला’ असे मोघम वाक्य लिहिले की समोरचा अधिकारी रुपयांतील वाढ दाखवतो आणि चर्चा तिथेच संपते. तुलना करायचीच असेल तर महागाई वजा करून करा आणि अर्थसंकल्पी अंदाज, सुधारित अंदाज व प्रत्यक्ष खर्च हे तीन आकडे एकमेकांत मिसळू नका. फेब्रुवारीत जाहीर झालेला आकडा वर्षअखेर प्रत्यक्ष खर्च झाला असे गृहीत धरणे ही आमच्याकडे येणाऱ्या मसुद्यांतील सर्वांत सामान्य चूक आहे.

४. संशोधनावर सकल उत्पादनाच्या दोन किंवा तीन टक्के खर्चाची मागणी इतकी वर्षे होते आहे, तरी ती पूर्ण का होत नाही?

२००३ च्या विज्ञान-तंत्रज्ञान धोरणात दहाव्या पंचवार्षिक योजनेच्या अखेरीपर्यंत, म्हणजे २००७ पर्यंत, दोन टक्के गाठण्याचे उद्दिष्ट होते. २०१२ मध्ये भुवनेश्वरच्या सायन्स काँग्रेसमध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी बाराव्या योजनेअखेर दोन टक्क्यांचे उद्दिष्ट मांडले. २०१३ च्या धोरणातही तोच आकडा होता. ९ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईसह अनेक शहरांत वैज्ञानिक आणि विद्यार्थी रस्त्यावर उतरले, तेव्हा मागणी तीन टक्क्यांची होती. प्रमाण मात्र एक टक्क्याच्या आतच राहिले.

याचे एक कारण हिशेबाच्या रचनेतच आहे. हा खर्च सरकारचा एकट्याचा नसतो, त्यात उद्योगांचा खर्चही मोजला जातो आणि आपल्याकडे कमतरता तिथेच मोठी आहे, असे सरकार दर वेळी दाखवून देते. दुसरे कारण असे की टक्केवारीचा निर्णय घेणारे टेबलच अस्तित्वात नाही. अर्थ मंत्रालय टक्का मंजूर करत नाही. ते खात्यांच्या अनुदान मागण्या, म्हणजे वर्षभरासाठी लागणाऱ्या रकमा, ठरवते. टक्क्याच्या घोषणेला जनमत घडवण्यात जागा आहे, पण ज्या फायलीवर सही व्हायची असते ती वेगळ्या भाषेत लिहावी लागते.

५. मग मागायचे तरी काय? जास्त पैसे, की वेळेवर पैसे?

संकलनातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आम्ही हाच मानतो, म्हणून उत्तर थोडे लांबले आहे.

पाच वर्षांच्या प्रकल्पाला पहिल्या वर्षी रक्कम मिळते, दुसरा हप्ता आठ महिने उशिरा येतो, तोवर प्रकल्प सहायक नोकरी सोडून जातो, द्रव नायट्रोजनचे बिल थकते आणि परदेशी कंपनीने दिलेल्या दरपत्रकाची मुदत संपते. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कोणालाही हे चित्र ओळखीचे वाटेल. कोषागार एकल खाते पद्धतीत संस्थेला रक्कम हाती न देता सरकारी खात्यातून खर्चाची मर्यादा दिली जाते आणि त्या मर्यादेतील न वापरलेली रक्कम ३१ मार्चला व्यपगत, म्हणजे रद्द, होते. सरकारी पैसा बँकेत पडून राहू नये हा तिचा हेतू रास्त आहे, परंतु जे यंत्र मागवल्यानंतर दहा महिन्यांनी बंदरात उतरते त्याला आर्थिक वर्षाची चौकट मानवत नाही. सातत्य नसेल तर मोठी रक्कमही वाया जाते, आणि लहान पण खात्रीची रक्कम एखाद्या गटाला दहा वर्षे जिवंत ठेवते.

गेल्या काही वर्षांत वैज्ञानिकांच्या ज्या मागण्या मान्य झाल्या, त्या पाहिल्या तर त्यांतील बहुतेक अशाच नेमक्या होत्या. संशोधन अनुदानावर वस्तू व सेवा कर आकारण्याच्या नोटिसा काही संस्थांना आल्या. आयआयटी दिल्लीला आलेली नोटीस सुमारे १२० कोटींची होती. त्यावर आवाज उठला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने संशोधन अनुदानाला सूट देण्याची शिफारस केली. सरकारी ई-बाजारपेठेतूनच खरेदी करण्याच्या सक्तीबद्दल अनेक वर्षे तक्रारी होत्या. सामान्य वापराची वस्तू तिथे मिळते, पण विशिष्ट शुद्धतेचे अभिकर्मक (प्रयोगात वापरायची रसायने) मिळतीलच असे नाही. जून २०२५ मध्ये वित्त मंत्रालयाने वैज्ञानिक संस्थांसाठी हे नियम सैल केले, थेट खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाखांवर नेली आणि २०० कोटींपर्यंतच्या जागतिक निविदांना मंजुरी देण्याचा अधिकार संचालक व कुलगुरूंना दिला.

या दोन्ही प्रकरणांत नियम कोणता, तो कोणी काढला, त्याने काय अडते आणि त्याऐवजी काय हवे, हे एका पानात सांगता येत होते. आपली मागणी अशी एका पानात मावत नसेल, तर ती अजून पिकलेली नाही असे समजावे. उलट उदाहरणही आहे : संशोधन उपकरणांवरील पाच टक्के सवलतीचा जीएसटी दर जुलै २०२२ पासून रद्द होऊन अठरा टक्के झाला, तेव्हा मंजूर प्रकल्पांची क्रयशक्ती एका अधिसूचनेने घटली आणि ती कोणत्याही अर्थसंकल्पी आकड्यात दिसली नाही.

६. निवेदन वर्षात केव्हा द्यावे?

जानेवारीत देऊ नये, हे पहिले. केंद्रीय अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला मांडला जातो आणि तोवर आकडे ठरलेले असतात. अर्थ मंत्रालयाचे अर्थसंकल्प परिपत्रक साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात निघते आणि खात्यांबरोबरच्या बैठका ऑक्टोबर-नोव्हेंबरात होतात. त्यामुळे आपल्या संस्थेच्या आणि खात्याच्या प्रस्तावात मुद्दा यायचा असेल तर तो जून ते ऑगस्टदरम्यान पोहोचला पाहिजे. दुसरी संधी फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, तेव्हा संसदेची विभागसंलग्न स्थायी समिती अनुदान मागण्यांची छाननी करते. त्या टप्प्यावर चालू वर्षाची रक्कम सहसा बदलत नाही, पण समितीच्या अहवालातील शिफारशीला सरकारला लेखी उत्तर द्यावे लागते आणि ते उत्तर पुढच्या वर्षी हाताशी येते.

७. कोणाकडे जावे? मंत्र्यांकडे, सचिवांकडे की खासदारांकडे?

प्रश्न कोणत्या पातळीवर अडला आहे त्यावर हे अवलंबून आहे. एका योजनेचा हप्ता अडला असेल तर त्या योजनेचा विभागप्रमुख आणि वित्त शाखा पुरेशी आहे. थेट मंत्र्यांना लिहिलेले पत्र शेवटी खाली त्याच टेबलावर येते, फक्त महिनाभर उशिरा. अनेक खात्यांना स्पर्श करणारा नियम असेल तर प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांचे कार्यालय योग्य ठरते. हे पद १९९९ मध्ये निर्माण झाले, पहिले सल्लागार ए. पी. जे. अब्दुल कलाम होते आणि आंतरखात्यीय समन्वय हेच त्याचे मुख्य काम आहे. एप्रिल २०२१ मध्ये तीनशेहून अधिक वैज्ञानिकांनी पंतप्रधानांना लिहून कोविड चाचण्यांची तपशीलवार माहिती संशोधकांना खुली करण्याची मागणी केली, तेव्हा जाहीर प्रतिसाद याच कार्यालयाकडून आला होता.

खासदारांचा उपयोग अनेकांना उशिरा उमगतो. विज्ञान व तंत्रज्ञान, पर्यावरण, वने आणि हवामानबदल विषयक स्थायी समितीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० असे ३१ सदस्य असतात. त्यांच्यापैकी कोणी आपल्या भागातील असेल तर भेट घ्यावी. संसदेतील प्रश्नाची सूचना साधारण पंधरा दिवस आधी द्यावी लागते, म्हणून अधिवेशनाची तारीख जाहीर होताच मसुदा तयार हवा. मसुदा म्हणजे व्याख्यान नव्हे : ‘अमुक फेलोशिपचे किती महिन्यांचे देणे थकले आहे आणि कारण काय’ इतके पुरते.

८. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आल्यावर काय बदलले? ५०,००० कोटी आणि एक लाख कोटी हे एकच का?

नाही, आणि हा गोंधळ फार जणांचा होतो. संशोधनाला निधी देणाऱ्या या प्रतिष्ठानचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत मंजूर झाला, ५ फेब्रुवारी २०२४ पासून लागू झाला आणि २००८ च्या कायद्याने स्थापन झालेले विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ त्यात विलीन झाले. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांचा अंदाज होता, परंतु त्यातील सुमारे ३६,००० कोटी उद्योग, सार्वजनिक उपक्रम, देणगीदार अशा सरकारबाह्य स्रोतांतून यायचे होते. सरकारी हिस्सा १४,००० कोटींचा. पाठपुरावा करताना ‘सरकारने पन्नास हजार कोटी दिले’ असे धरून बोलू नये.

जुलै २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेली एक लाख कोटींची संशोधन, विकास व नवोन्मेष योजना वेगळी आहे. तिचा भर खासगी क्षेत्राला दीर्घ मुदतीचे, अल्प किंवा शून्य व्याजाचे वित्त देण्यावर आहे. विद्यापीठातील जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेचे रखडलेले अनुदान त्यातून भागणार नाही.

प्रतिष्ठानच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष पंतप्रधान आणि कार्यकारी परिषदेचे अध्यक्ष प्रमुख वैज्ञानिक सल्लागार असतात. निर्णयाची पातळी उंचावली हे चांगले. सामान्य संशोधकापासून ती तितकीच लांब गेली, हेही खरे.

९. मी केंद्र सरकारच्या संस्थेत वैज्ञानिक आहे. निवेदनावर सही केली तर कारवाई होईल का?

केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधील नियम ९ सरकारच्या धोरणावर जाहीर टीका करण्याला मनाई करतो आणि नियम २० स्वतःच्या सेवाविषयक बाबींसाठी बाहेरचा दबाव आणण्याला. अनेक स्वायत्त संस्थांनी हे नियम आपल्या उपविधींतून स्वीकारले आहेत, काहींनी अंशतः. म्हणून आधी आपल्या संस्थेचे उपविधी वाचावेत. सहकाऱ्याच्या ऐकीव माहितीवर जाऊ नये. व्यवहारात पुढील फरक उपयोगी पडतो : खात्यांतर्गत मार्गाने, म्हणजे विभागप्रमुखांमार्फत दिलेले लेखी टिपण, व्यावसायिक संघटनेच्या ठरावातील सहभाग आणि वृत्तपत्रातील स्वतःच्या नावाचा टीकालेख या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची जोखीमही वेगळी आहे. स्वतःच्या बढतीचा प्रश्न खासदारांमार्फत सोडवण्याचा प्रयत्न तर करूच नये. त्यासाठी नियम २० पुरेसा स्पष्ट आहे. निवृत्त वैज्ञानिकांना बोलण्याची मोकळीक अधिक असते, आणि अनेक जाहीर पत्रांच्या सह्यांत पहिली नावे त्यांचीच का असतात, हे यातून कळेल.

१०. आम्ही पीएचडीचे विद्यार्थी आहोत. फेलोशिप वाढवून घेण्यासाठी दर वेळी रस्त्यावरच यावे लागणार का?

आजवरचा अनुभव पाहता प्रश्न वाजवी आहे. ज्युनियर रिसर्च फेलोशिप ऑक्टोबर २०१४ मध्ये १६,००० वरून २५,००० रुपये झाली, जानेवारी २०१९ पासून ३१,००० आणि जानेवारी २०२३ पासून ३७,००० रुपये. सीनियर फेलोंची रक्कम आता ४२,००० आहे. दोन वाढींत चार-चार वर्षे गेली आणि २०१९ च्या वाढीआधी तर देशभर निदर्शने झाली. सरकारी कर्मचाऱ्याचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा सुधारला जातो, फेलोला तो मिळत नाही. म्हणून पुढच्या निवेदनात रकमेपेक्षा पद्धतीवर भर द्यावा, असे आम्ही सुचवतो : महागाई निर्देशांकाशी जोडलेली, ठरावीक मुदतीने आपोआप होणारी वाढ.

थकलेल्या रकमेचा प्रश्न वेगळा आहे. तिथे केंद्राच्या तक्रार निवारण पोर्टलवर नोंद करा. ऑगस्ट २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तक्रार २१ दिवसांत निकाली काढणे अपेक्षित आहे. आपल्या संस्थेने उपयोगिता प्रमाणपत्र (आधीची रक्कम ठरलेल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) वेळेवर पाठवले का, हे त्याआधी तपासा. बरेचदा घोडे तिथेच पेंड खाते. बार्टी, सारथी किंवा महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांची अधिछात्रवृत्ती असेल तर हा मार्ग चालणार नाही. प्रश्न ११ पाहा.

११. महाराष्ट्र सरकारकडे काही मागता येते का, की सगळे दिल्लीतच ठरते?

बरेच काही येथेच ठरते. राज्य विद्यापीठांतील प्राध्यापकांच्या रिक्त जागा, प्रयोगशाळांची वीज आणि इमारती, वर उल्लेखलेल्या तिन्ही संस्थांच्या अधिछात्रवृत्ती हे सर्व राज्याच्या अखत्यारीत आहे. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखाली काम केलेला राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगही राज्याचाच. जिथे विभागात कायम शिक्षकच नाहीत, तिथे केंद्राचा प्रकल्प अर्ज करायला माणूसच उरत नाही, त्यामुळे भरतीचा प्रश्न हा निधीचाच प्रश्न आहे.

कधी मागणी पैशांची नसतेही. नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला आसपास विद्युतचुंबकीय शांतता लागते. पुणे-नाशिक अर्धद्रुतगती रेल्वेचा मूळ मार्ग त्या भागातून जात होता. दुर्बिणीच्या कारणावरून तो बदलण्याची भूमिका रेल्वे मंत्रालयाने घेतली. वैज्ञानिकांची बाजू ऐकली गेली, पण त्या पट्ट्यातील लोकांनी रेल्वे गमावली. त्यांच्या नाराजीला उत्तर देण्याचे कामही मग खगोलशास्त्रज्ञांवर येते.

१२. मोठ्या प्रकल्पाला एकदा मंजुरी मिळाली की पाठपुरावा संपतो का?

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेची कालरेषा पाहा. गुरुत्वीय लहरींवर काम करणारे भारतीय वैज्ञानिक २००९ पासून संघटित झाले होते. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी लहरी सापडल्याची घोषणा झाली आणि १७ फेब्रुवारीला मंत्रिमंडळाने तत्त्वतः मंजुरी दिली. सहा दिवसांत! पण २,६०० कोटींची पूर्ण मंजुरी यायला एप्रिल २०२३ उजाडला. त्या सात वर्षांत जागेचे सर्वेक्षण, भूसंपादन आणि माणसे तयार करण्याचे काम चालू ठेवले गेले, हा खरा पाठपुरावा.

तमिळनाडूतील थेनी जिल्ह्यातल्या न्यूट्रिनो वेधशाळेला जानेवारी २०१५ मध्ये सुमारे १,५०० कोटींची मंजुरी मिळाली होती. स्थानिक विरोध, पर्यावरणाचे खटले आणि राज्य सरकारचा नकार यांत ती अडकली. दिल्लीची सही हातात असूनही डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांचा विश्वास नसेल तर प्रकल्प उभा राहत नाही.

१३. अभ्यासक्रम, छद्मविज्ञान अशा धोरणविषयक बाबींत शास्त्रज्ञांचे कोणी ऐकते का?

कधी ऐकते, कधी नाही. जानेवारी २०१८ मध्ये एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी डार्विनचा सिद्धान्त चुकीचा असल्याचे म्हटले, तेव्हा देशातील तिन्ही विज्ञान अकादम्यांनी संयुक्त निवेदन काढले आणि वरिष्ठ मंत्र्यांनी त्या राज्यमंत्र्यांना अशी विधाने टाळण्यास सांगितले. २०२३ मध्ये दहावीच्या पाठ्यपुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला, तेव्हा अठराशेहून अधिक जणांनी सह्या करूनही निर्णय फिरला नाही. विद्यापीठांत फलज्योतिष शिकवण्याच्या २००१ मधील निर्णयाविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये फेटाळली. जयंत नारळीकर यांनी मात्र तिथे न थांबता महाराष्ट्रातील ज्योतिषांनाच कुंडल्या देऊन भाकितांची संख्याशास्त्रीय चाचणी घेतली आणि तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. न्यायालयाने जो प्रश्न धोरणाचा म्हणून सोडला, त्यावर निदान पुरावा तरी उभा राहिला.

१४. निवेदनाला उत्तरच आले नाही तर?

महिनाभराने स्मरणपत्र, त्यानंतर माहितीच्या अधिकारात निवेदनावरील टिपणीची प्रत. उत्तराची मुदत ३० दिवस आहे. फाईल कोणत्या टेबलावर आणि कोणत्या आक्षेपावर थांबली, हे कळले की पुढचे निवेदन त्या आक्षेपाला उद्देशून लिहिता येते. अधिकारी बदलले की सुरुवात पुन्हा करावी लागते, म्हणून आवक क्रमांकासह सर्व प्रती जपून ठेवा.

१५. निवेदन मराठीत लिहिले तर चालते का?

राज्य सरकारला मराठीतच लिहावे. केंद्राबाबत राज्यघटनेचे अनुच्छेद ३५० प्रत्येक व्यक्तीला तक्रार निवारणासाठीचे अभिवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क देते, त्यामुळे ते भाषेच्या कारणावरून नाकारता येत नाही. तातडीच्या आणि तांत्रिक बाबींत इंग्रजी प्रत सोबत जोडल्यास वेळ वाचतो. खासदारांना आणि आमदारांना द्यायचे टिपण मराठीत, दीड पानाच्या आत आणि आपल्या मतदारसंघातील संस्थेचे नाव पहिल्याच परिच्छेदात घेऊन लिहावे.